कापलेला रफार, लपलेलं बटण: एका ऑनलाइन दिवाळी अंकाची दुरुस्ती

अंक प्रकाशित झाला वसुबारसेला. धनत्रयोदशीपर्यंत संपादकांच्या व्हॉट्सॲपवर तक्रारींचे स्क्रीनशॉट जमले होते, आणि दुरुस्तीचं काम माझ्याकडे आलं होतं. लंडनच्या एका वाचक बाईंना आयफोनवर मुखपृष्ठ दिसत होतं, पण अंक उघडायचं बटण सापडत नव्हतं. साताऱ्याच्या एका निवृत्त शिक्षकांच्या जुन्या आयपॅडवर लेखांच्या शेजारशेजारच्या चौकटी एकमेकींना चिकटल्या होत्या. विंडोजवर वाचणाऱ्यांना शीर्षकं वरून कापलेली दिसत होती. अँड्रॉइडवर एक लेख वाचताना पान डावीउजवीकडे सरकत होतं.

पान बांधणाऱ्या मुलाच्या मॅकबुकवर, क्रोममध्ये, यातलं काहीच दिसत नव्हतं. ‘ताई, माझ्याकडे सगळं व्यवस्थित आहे,’ असं तो मला म्हणाला, आणि ते खरंच होतं. संपादक मॅडमचा प्रश्न वेगळा होता: ‘आयफोनवाल्यांसाठी वेगळं पान करता येईल का? भाऊबीजेपर्यंत लोक वाचतात, मग कोणी फिरकत नाही.’

घाई समजण्यासारखी होती. तरी ब्राउझरागणिक वेगळं ठिगळ लावायला मी नाही म्हटलं. चारही तक्रारींच्या मुळाशी एकच गोष्ट असावी असं स्क्रीनशॉट बघूनच वाटत होतं: पानाने काही गोष्टी स्पष्ट सांगितल्याच नव्हत्या. जे सांगितलेलं नसतं ते प्रत्येक ब्राउझर आपल्या परीने भरून काढतो, आणि मॅकवरच्या क्रोमने भरलेली उत्तरं योगायोगाने डिझाइनशी जुळली होती. ब्राउझर दुरुस्त करणं आपल्या हातात नसतं. पानाने काय गृहीत धरलंय ते शोधणं आपल्या हातात असतं.

आधी ब्राउझरची ओळख

स्क्रीनशॉटवरून काय मोडलंय ते कळतं, कुठे मोडलंय ते कळत नाही. म्हणून प्रत्येकाला तीन प्रश्न पाठवले: उपकरण कोणतं, त्याची सिस्टिम कुठल्या आवृत्तीची, आणि पान कशात उघडलं. लंडनहून उत्तर आलं: आयफोन, क्रोम. ‘क्रोम तर मी तपासलंय,’ मुलगा म्हणाला.

इथे बरेच जण अडकतात. आयफोनवरचा क्रोम आतून क्रोम नसतो. ॲपलच्या नियमानुसार आयफोनवरच्या ब्राउझरांना पान रंगवण्यासाठी वेबकिट हेच इंजिन वापरावं लागत आलंय, म्हणजे जे सफारीत आहे तेच. २०२४ च्या मार्चमध्ये आयफोनच्या सिस्टिमच्या, म्हणजे आयओएसच्या, १७.४ या आवृत्तीबरोबर युरोपीय संघात यातून सवलत मिळाली, पण ब्रिटन त्या संघात नाही. त्यामुळे लंडनच्या बाई ज्याला क्रोम म्हणत होत्या तो मांडणीच्या दृष्टीने सफारीच होता. मॅकवरच्या क्रोममध्ये ब्लिंक, फायरफॉक्समध्ये गेको, सफारीत आणि आयफोनवर वेबकिट. तपासायची असतात ती ही इंजिनं. चिन्हं कितीही असोत.

पानात एक स्क्रिप्टही सापडली. आधी कुणीतरी घातलेली. ब्राउझर स्वतःची जी ओळख पाठवतो त्या ओळीत ‘सफारी’ हा शब्द दिसला, तर पानाला एक वेगळा क्लास (ओळखीची खूण) लावायचा आणि चौकटींना वरखाली जास्तीचं मार्जिन द्यायचं, एवढंच तिचं काम. अडचण अशी की क्रोमही आपल्या ओळखीत ‘सफारी’ लिहितो. मायक्रोसॉफ्टचा एजही लिहितो. आणि हे सगळेच ‘मोझिला’ने सुरुवात करतात. एकेकाळी साइट ठरावीक नावाच्या ब्राउझरांनाच चांगलं पान द्यायच्या, म्हणून नवे ब्राउझर जुन्यांची नावं आपल्या ओळखीत घालत गेले, आणि ती तशीच राहिली. त्यामुळे ज्यांना गरज नव्हती त्यांच्याही चौकटी लांब लांब गेल्या होत्या. ती स्क्रिप्ट मी पहिल्यांदा काढली. ती असेपर्यंत कुठली चूक पानाची आणि कुठली ठिगळाची हे कळायला मार्ग नव्हता.

‘मूर्तींचं’ या शब्दाचं काय झालं

सगळ्यात जास्त वेळ शीर्षकांना दिला, कारण मराठी वाचकाला सगळ्यात जास्त तेच खुपतं. अंकात पेणच्या गणपतींवर एक लेख होता आणि शीर्षकात ‘मूर्तींचं’ हा शब्द होता. या एका शब्दात देवनागरीची सगळी उंची आहे. खाली दीर्घ ऊकार. वर वेलांटी, तिच्यावर रफार, शेजारी अनुस्वार. विंडोजवर त्याचा वरचा भाग उडाला होता आणि उरलं होतं ‘मूतीच’ असं काहीतरी. इंग्रजी अक्षर वरून थोडं कापलं तरी ओळखू येतं. मराठीत अनुस्वार गेला की ‘संत’चा ‘सत’ होतो.

एका कोऱ्या पानावर मी फक्त हे शीर्षक ठेवलं, भोवती लाल रेघ दिली आणि स्टाइलशीटमधल्या, म्हणजे पान कसं दिसावं ते सांगणाऱ्या फाइलीतल्या, ओळी एकेक करून काढत गेले. ही रीत कंटाळवाणी वाटते, पण मांडणीच्या दुखण्यावर हिच्याइतकं भरवशाचं काही मला माहीत नाही. ‘ओव्हरफ्लो: हिडन’ (चौकटीबाहेर जाईल ते झाकणारी ओळ) काढल्यावर रफार दिसला. ते होतं कशासाठी? शीर्षक दोन ओळींपेक्षा लांब झालं तर पुढचं झाकून टिंबं दाखवायची होती, त्यासाठी. म्हणजे कापणारी ओळ हीच. पण ती मॅकवरही होती, आणि तिथे काही कापलं जात नव्हतं.

उत्तर फाँटमध्ये होतं. स्टाइलशीटमध्ये फाँटच्या यादीत पहिलं नाव एका रोमन फाँटचं होतं आणि त्यानंतर थेट ‘सॅन्स-सेरिफ’. त्या रोमन फाँटमध्ये देवनागरी नाहीच. मग प्रत्येक सिस्टिमने घरातला फाँट काढून दिला. क्रोमच्या तपासणी-खिडकीत प्रत्यक्ष कुठला फाँट वापरला गेला ते दिसतं. मॅकवर कोहिनूर देवनागरी होता, विंडोजवर निर्मला यूआय. अँड्रॉइडवर बहुधा नोटो मिळतो. मुलाने एक डिझाइन केलं होतं, वाचक प्रत्यक्षात तीन बघत होते.

आता कापलं का जातं, ते थोडं आकड्यांत सांगते. प्रत्येक फाँट आपल्या आधाररेषेच्या वर किती जागा लागते आणि खाली किती, हे सांगत असतो. ओळीची उंची आपण ठरवून दिली की ब्राउझर या दोन्हींची बेरीज त्या उंचीतून वजा करतो आणि फरक वरखाली सारखा वाटून टाकतो. ओळीची उंची कमी असेल तर फरक उणे येतो, म्हणजे दोन्हीकडून जागा कापली जाते. हिशोब मांडला तर आधाररेषा ओळीच्या माथ्यापासून जिथे बसते ते अंतर असं निघतं: ओळीची उंची अधिक वरची जागा उणे खालची जागा, आणि त्याचं निम्मं.

उदाहरणासाठी ३२ पिक्सेलचं शीर्षक आणि १.१ ची लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची, घेऊ. इथले आकडे अक्षराच्या आकाराच्या पटीत आहेत. (१.१ हा आकडा रोमन मोठ्या अक्षरांवर छान दिसतो. आला तिथूनच होता.) एका फाँटची वरची जागा १.१, खालची ०.३. आधाररेषा माथ्यापासून ०.९५ वर, म्हणजे ३०.४ पिक्सेलवर बसते. दुसऱ्या फाँटची वरची १.०, खालची ०.५. त्याची आधाररेषा ०.८ वर येते, २५.६ पिक्सेलवर. रफार आणि वेलांटी मिळून शाई आधाररेषेच्या वर ०.९५ पर्यंत, म्हणजे ३०.४ पिक्सेल जात असेल, तर पहिल्या फाँटमध्ये ती जेमतेम मावते आणि दुसऱ्यात ४.८ पिक्सेल बाहेर जाते. ‘हिडन’ नेमके तेच उडवतं. दोन्ही ब्राउझरांचा हिशोब बरोबर असतो. आपण जागाच दिलेली नसते.

शिवाय फाँटच्या फाइलीत हे उंचीचे आकडे एकाहून जास्त तक्त्यांत लिहिलेले असतात, आणि मॅक व विंडोज वेगवेगळ्या तक्त्यांतून ते उचलू शकतात. नीट बनवलेल्या फाँटमध्ये ते जुळवलेले असतात. जुन्या, कुठूनतरी उतरवलेल्या मराठी फाँटमध्ये ते तसे असतीलच असं नाही. साइटसाठी फाँट निवडताना अक्षर सुंदर आहे का एवढंच बघून भागत नाही, ते दोन्ही सिस्टिमवर एकाच रेषेवर बसतं का हेही बघावं लागतं.

उपाय तीन केले. यादीत देवनागरी फाँटचं नाव स्पष्ट लिहिलं आणि तो साइटवरूनच पुरवला. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्ता’ घेतला: परवाना मुक्त आहे आणि वजनं, म्हणजे बारीक-ठळक रूपं, पुरेशी आहेत. शीर्षकांची लाइन-हाइट १.१ वरून १.४५ केली. वरच्या उदाहरणातल्या अडचणीच्या फाँटला हाच आकडा लावला तर आधाररेषा ०.९७५ वर जाते आणि रफार आत बसतो. हे महत्त्वाचं होतं, कारण वेबफाँट उतरेपर्यंत, किंवा तो उतरलाच नाही तर, वाचकाला सिस्टिमचाच फाँट दिसणार. आणि शीर्षकाला वरच्या बाजूने ०.१५ ईएम (अक्षराच्या आकाराच्या ०.१५ पट) पॅडिंग, म्हणजे चौकटीच्या आतली मोकळी जागा, दिलं, कारण ‘हिडन’ची कात्री पॅडिंगच्या बाहेरच्या कडेला चालते.

पॅडिंग फक्त वरून. खालून दिलं असतं तर झाकलेल्या तिसऱ्या ओळीचे शेंडे त्या जागेत डोकावले असते. दोन ओळींची मर्यादा घालणारा नियम मजकूर मोजतो, पॅडिंगमधलं झाकत नाही. ऊकारांना खाली लागणारी जागा वाढलेल्या लाइन-हाइटने दिली.

शीर्षकांना १ पिक्सेलचं लेटर-स्पेसिंगही होतं, तेही काढलं. रोमन अक्षरं अशी सुटी केली की ऐटदार दिसतात, देवनागरीत शिरोरेषा तुटते. काही फाँटमध्ये शिरोरेषेची टोकं एकमेकांवर चढलेली असतात, तिथे एवढी फट झाकली जाते आणि चूक नजरेस येत नाही. पानाची भाषा तयार साच्यातून आलेली ‘ईएन’ (इंग्रजी) होती, ती ‘एमआर’ (मराठी) केली. फाँटमध्ये सोय असेल तर यामुळे ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे मिळतात. हिंदी वळणाचा ‘ल’ बघून कुणी तक्रार करत नाही, पण मराठी दिवाळी अंकात मराठी ‘ल’ असावा, या मताला मी घट्ट धरून आहे.

चिकटलेल्या चौकटी

साताऱ्याच्या सरांचा आयपॅड पहिल्या पिढीचा एअर निघाला. तो आयओएस १२ च्या पुढे जात नाही, आणि आयपॅडवर सिस्टिम पुढे गेली नाही तर सफारीही पुढे जात नाही. ‘त्यांना अपडेट करायला सांगा’ हे उत्तर तिथे संपतं. दुसरा ब्राउझर घ्या म्हणावं तर आत इंजिन तेच.

चौकटी फ्लेक्सने, म्हणजे घटक ओळीत लावणाऱ्या पद्धतीने, मांडल्या होत्या आणि मधलं अंतर ‘गॅप’ने दिलं होतं. फ्लेक्समधला गॅप फायरफॉक्सने २०१८ मध्ये आणला, क्रोमने २०२० मध्ये ८४ व्या आवृत्तीत, सफारीने २०२१ मध्ये १४.१ ला. आयओएस १२ ला तो माहीतच नाही. मुलाने समजूतदारपणे विचारलं, ‘ताई, सपोर्ट्स वापरून आधी विचारून घेऊ का, गॅप चालतो का म्हणून?’ विचार योग्य, पण नेमका याच ठिकाणी तो फसवतो. जुन्या सफारीला ग्रिडमधला (रांगा-स्तंभांच्या मांडणीतला) गॅप येतो. ‘गॅप येतो का?’ असं विचारल्यावर ती प्रामाणिकपणे ‘हो’ म्हणते. फ्लेक्समध्ये येतो का, हे विचारायची सोय त्या प्रश्नातच नाही.

म्हणून ठिगळ न लावता मांडणीच बदलली. लेखांच्या चौकटी म्हणजे रांगा आणि स्तंभ, तो ग्रिडचाच मामला आहे. ग्रिड २०१७ च्या मार्चमध्ये क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी तिन्हींत आलं. ‘मावतील तेवढे स्तंभ, प्रत्येक किमान २६० पिक्सेल’ अशी एक ओळ लिहिली, अंतर आधी जुन्या ‘ग्रिड-गॅप’ नावाने आणि मग नव्या ‘गॅप’ने दिलं. जो ब्राउझर जे नाव ओळखतो ते घेतो. पडद्याच्या रुंदीप्रमाणे स्तंभ बदलणाऱ्या बऱ्याच ओळी त्यामुळे गळून गेल्या.

बटण होतं, पण घडीखाली

मुखपृष्ठाला उंची दिली होती १०० व्हीएच, म्हणजे पडद्याची पूर्ण उंची, आणि ‘अंक वाचा’ हे बटण अगदी तळाशी. संगणकावर चोख. फोनवर मात्र पडद्याची उंची ही एक ठरलेली गोष्ट नसते: पत्त्याची पट्टी उघडी असते तेव्हा वेगळी, वाचक खाली सरकला की पट्टी आक्रसते तेव्हा वेगळी. सरकताना पान सतत हलू नये म्हणून आयफोनवरच्या सफारीने व्हीएच कायम मोठ्या उंचीशी बांधून ठेवलं, आणि अँड्रॉइडवरच्या क्रोमनेही ५६ व्या आवृत्तीपासून तेच केलं. त्यामुळे पान पहिल्यांदा उघडतं तेव्हा १०० व्हीएचची चौकट दिसणाऱ्या जागेपेक्षा उंच असते. अँड्रॉइडवर बटणाची फक्त खालची कड जात होती, म्हणून तिकडून तक्रार आली नाही. आयफोनवर ते पूर्ण खाली गेलं होतं, आणि मुखपृष्ठ पडदाभर असल्याने खाली आणखी काही आहे असं वाटायलाही कारण नव्हतं.

यासाठी आता वेगळी एककं आहेत: एसव्हीएच लहान उंचीसाठी, एलव्हीएच मोठीसाठी, डीव्हीएच क्षणोक्षणी बदलणाऱ्या उंचीसाठी. ती सफारीत १५.४ पासून, फायरफॉक्समध्ये १०१ पासून आणि क्रोममध्ये १०८ पासून, अशी २०२२ या एकाच वर्षात तिन्हीकडे आली. त्या वर्षी ब्राउझर बनवणाऱ्यांनी एकत्र येऊन इंटरॉप नावाचा उपक्रम चालवला, त्यात ही एककं होती. वेगवेगळ्या इंजिनांनी एकच परीक्षा डोळ्यांसमोर ठेवून काम केलं तर काय होतं ते इथे दिसतं, आणि मला त्याचं मनापासून कौतुक आहे. ‘हे संकेतस्थळ इंटरनेट एक्सप्लोररमध्येच पहा’ आणि ‘आधी आमचा फाँट उतरवून घ्या’ या पाट्यांच्या काळात मराठी वाचायला शिकलेल्या पिढीला याची किंमत सांगावी लागत नाही.

मुलाचा कल डीव्हीएचकडे होता. मी एसव्हीएच घेतलं. डीव्हीएचने पट्टी आक्रसताच मुखपृष्ठ उंच झालं असतं आणि बोटाखालचा मजकूर हलला असता. किमान उंची आधी व्हीएचमध्ये लिहिली, खालच्या ओळीत तीच एसव्हीएचमध्ये. ज्याला दुसरी ओळ कळत नाही तो ती सोडून देतो.

सरांच्या आयपॅडचा प्रश्न तरी उरला, कारण तो दुसरी ओळ सोडून देणारच. त्यासाठी मॅडमशी बोलले. बटण तळाच्या कडेला हवंच का? शीर्षकाच्या लगेच खाली आलं तर कुठल्याही फोनवर लपणार नाही. त्यांनी मुखपृष्ठाच्या चित्रकाराला विचारलं, चित्रातला दिवा थोडा खाली सरकवून घेतला आणि जागा करून दिली. चुकीच्या उंचीवर अवलंबून असलेली गोष्टच काढून टाकली की जुनं उपकरणही सुटतं.

हे सगळं तपासायला लागलेली साधनं साधी होती. प्लेराइट या तपासणीच्या साधनाबरोबर येणारं वेबकिट विंडोज आणि लिनक्सवरही चालतं, त्यात ग्रिड बघून घेतलं. पण त्यात फोनची पत्त्याची पट्टी नसते, म्हणून बटणाचा दोष तिथे दिसतच नाही. त्यासाठी खरा आयफोनच हातात घ्यावा लागला.

अँड्रॉइडवर पान सरकण्याचं कारण ब्राउझरचं नव्हतंच. लेखाच्या शेवटी एक लांबलचक वेबपत्ता होता. फ्लेक्समधला घटक आपल्या आतल्या सगळ्यात लांब न तुटणाऱ्या तुकड्यापेक्षा अरुंद व्हायला तयार नसतो. ‘ओव्हरफ्लो-रॅप: ब्रेक-वर्ड’ (लांब शब्द मोडायची परवानगी) लिहिलेलं होतं, पण तो नियम किमान रुंदी मोजताना धरलाच जात नाही. लेखाच्या स्तंभाला ‘मिन-विड्थ: शून्य’ दिलं आणि प्रश्न मिटला. अरुंद पडद्यावर कुठल्याही ब्राउझरमध्ये तो दिसलाच असता.

मोठं पहिलं अक्षर

दुरुस्ती चालू असताना मॅडमनी एक मागणी केली: छापील अंकासारखं लेखाचं पहिलं अक्षर मोठं हवं. स्टाइलशीटमध्ये त्यासाठी ‘फर्स्ट-लेटर’ आहे, पण पहिलं अक्षर कुठे संपतं हे ब्राउझर ठरवतो. ‘स्त्री’ने सुरू होणाऱ्या लेखात मोठं व्हायला हवं ते पूर्ण ‘स्त्री’. युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीच्या सामाईक संगणकीय मानकाच्या, जुन्या नियमात त्याचे तीन तुकडे पडत: स्, त्, री. देवनागरीसह काही भारतीय लिप्यांतली जोडाक्षरं एकसंध धरण्याचा नियम २०२३ च्या सप्टेंबरमध्ये, १५.१ आवृत्तीत आला. कुठल्या वाचकाकडे कुठला नियम लागू होईल याचा भरवसा धरता येत नाही.

म्हणून प्रत्येक लेखाचं पहिलं जोडाक्षर हाताने स्पॅनमध्ये (मजकुराच्या तुकड्याभोवती घालायच्या खुणेत) गुंडाळलं आणि मोठं केलं ते त्या स्पॅनला. अंकात लेख मोजकेच, तेव्हा हे जमण्यासारखं होतं. रोज नवा मजकूर चढवणाऱ्या साइटला ते लेख साठवतानाच सर्व्हरवर करावं लागेल, तेही नवा नियम ओळखणाऱ्या तयार कोडच्या संग्रहाने (लायब्ररीने). मुलाला तसं लिहून दिलंय, आणि तपासायच्या शब्दांत ‘मूर्तींचं’च्या शेजारी ‘स्त्री’, ‘कर्तृत्व’ आणि ‘उद्ध्वस्त’ घातलेत.